ईस्ट अँग्लियाचा राजा अन्ना: वंशवृक्षात नेमकं कोणाकोणाला धरायचं?

मोडीवाचक

सातव्या शतकात इंग्लंडच्या पूर्वेला, आजच्या सफक-नॉर्फक भागात, ईस्ट अँगल्स लोकांचं राज्य होतं. सटन हूचं जहाज-दफन सापडल्यापासून तिथला रेडवाल्ड राजा सगळ्यांना ठाऊक झाला. त्याच्या पुतण्याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. हा पुतण्या म्हणजे अन्ना. रेडवाल्डचा भाऊ एनी, त्याचा हा मुलगा. 640 नंतर लवकरच गादीवर आला आणि मर्सियाच्या (मध्य इंग्लंडमधलं राज्य) पेंडा राजाकडून लढाईत मारला गेला.

मराठीत या घराण्याचा वंशवृक्ष मांडायचा आहे. इंटरनेटवरचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. सगळं एकत्र केलं तर यादी अशी होते: बायको हेरेसविथ, मुली सेअक्सबुर्ग, एथेलथ्रिथ, एथेलबुर्ग, विटबुर्ग, सावत्र मुलगी सेथ्रिथ, मुलगा युर्मिन. यातली कोणती नावं पक्की आणि कोणती मागाहून चिकटवलेली? दुसरा प्रश्न, मृत्यूचं साल 653 की 654? आणि तिसरा, अन्नाचा भाऊ एथेलहेरे पेंडाला फितूर होता का?

टवाळ_पोपट

अन्ना हा पुरुष? मी अर्धा परिच्छेद राणी समजून वाचला. म्हणजे हे आपले अण्णाच की!

मोडीवाचक

हो, पुरुषच. जुन्या इंग्रजीत आकारान्त नावं पुरुषांची असत. पेंडा, ऑफा, वुफा, सगळे राजे. तक्ते बनवणाऱ्या काही संगणकीय साधनांनी मात्र खरोखरच अन्नाला स्त्री ठरवून टाकलंय, तेव्हा आयता तक्ता उचलण्याआधी तेवढं बघा.

शिळालेख

चांगला विषय. नावं तपासण्याआधी साधनं काळानुसार लावून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

पहिला थर बीड या नॉर्थंब्रियातल्या भिक्षू-इतिहासकाराचा. त्याने आपला चर्चचा इतिहास 731 मध्ये पुरा केला, म्हणजे अन्नाच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी. ईस्ट अँगल्सची माहिती काही जुन्या लिखाणातून आणि परंपरेतून, काही एसी नावाच्या मठाधीशाकडून मिळाली, हे तो प्रस्तावनेतच सांगतो. दुसरा थर अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलचा, म्हणजे वर्षवार नोंदींच्या बखरीचा. ते नवव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्समध्ये संकलित झालं आणि पुढे त्याच्या प्रती वेगवेगळ्या मठांत वाढत गेल्या. तिसरा थर बाराव्या शतकात ईलीच्या मठात रचलेला लिबर एलिएन्सिस, म्हणजे ईलीचा ग्रंथ. अन्नाच्या मृत्यूनंतर पाचशे वर्षांनी.

आता प्रत्येक नावापुढे ते पहिल्यांदा कोणत्या थरात येतं ते लिहा. बीडमध्ये सेअक्सबुर्ग, एथेलथ्रिथ, एथेलबुर्ग आणि सेथ्रिथ ही चार नावं आहेत. विटबुर्ग आणि युर्मिन नाहीत. अन्नाच्या बायकोचा उल्लेख आहे, पण नाव दिलेलं नाही.

नेहमीची चूक अशी होते की लोक तिसऱ्या थरातलं नाव उचलतात आणि आधार म्हणून बीडचं प्रकरण देतात, कारण त्याच प्रकरणात बाकीच्या बहिणी असतात.

कोरांटी

शिळालेख यांच्याशी सहमत. हेरेसविथचं प्रकरण या चुकीचा उत्तम नमुना आहे. बीड तिचा उल्लेख व्हिटबीच्या मठाधीशा हिल्डच्या संदर्भात करतो: हिल्डची बहीण हेरेसविथ ही ईस्ट अँगल्सचा राजा आल्डवुल्फ याची आई, आणि ती पुढे गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सकडे) शेलच्या मठात होती. बस, एवढंच. आल्डवुल्फने 664 च्या सुमारास राज्य घेतलं आणि 713 पर्यंत केलं. ईलीच्या भिक्षूंनी हिशेब लावला की ईस्ट अँगल्सच्या राजाची आई म्हणजे राजाची बायको, आणि राजा म्हणजे आपला अन्ना.

पण आल्डवुल्फचा बाप कोण हे वेगळीकडे स्पष्ट लिहिलेलं आहे. राजवंशांच्या ज्या जुन्या याद्या आहेत (सर्वांत जुनी प्रत ब्रिटिश लायब्ररीत, कॉटन वेस्पाझियन बी 6), त्यांत ओळ अशी जाते: एल्फवाल्ड, त्याचा बाप आल्डवुल्फ, त्याचा एथेलरिक, त्याचा एनी, त्याचा टिट्ला, त्याचा वुफा. म्हणजे हेरेसविथचा नवरा एथेलरिक, आणि ती अन्नाची भावजय. बायको म्हणून तिचं नाव सरळ काढून टाका.

दगडफूल

कोरांटी, त्या यादीत अन्ना स्वतः का नाही? इतका मोठा राजा आणि वंशावळीत नाव नाही, हे विचित्र वाटतं.

कोरांटी

कारण ती राज्यकर्त्यांची यादी नाही. ती एल्फवाल्डपासून सरळ वर चढणारी बाप-आजा-पणजा अशी ओळ आहे. अन्ना त्याचा चुलत आजा, त्यामुळे तो त्या शिडीत बसतच नाही. रेडवाल्डही त्यात नाही, त्याच कारणाने. यादीत नाव नाही म्हणून राजा झालाच नाही, असा निष्कर्ष काढणारे लेख दिसतात, तो चुकीचा आहे.

ती शिडी वर जाते तसतशी रंगतदार होते. वुफाच्या वर वेह्हा, विल्हेल्म, ह्रिप, ह्रोथमुंड, ट्रिगिल, टिट्मान, मग चक्क कासेर, म्हणजे रोमचा सीझर, आणि त्याच्या डोक्यावर वोडन देव.

पारावरचा

सीझर आणि वोडन एकाच ओळीत! हेमाद्रीने देवगिरीच्या यादवांची वंशावळ थेट चंद्रापासून मांडली आहे. तिथेही खालच्या काही पिढ्या ताम्रपटांशी ताडून घेता येतात आणि वरच्या पिढ्या श्रद्धेच्या. वुफापर्यंत इतिहास आणि त्यावर पुराण, असं धरावं का?

कोरांटी

साधारण तसंच. घराण्याचं नावच वुफिंगा, म्हणजे वुफाचे वंशज, तेव्हा वुफा पायाचा दगड धरतात. अन्नाच्या तक्त्यासाठी वुफा, टिट्ला, एनी एवढ्या तीन पिढ्या वर दाखवल्या तरी पुरे.

हिशेबनीस

मुलींकडे वळतो. आकडे मांडून बघितले की बरंच सुटतं.

सेअक्सबुर्ग: नवरा केंटचा राजा एर्कनबर्त, राज्यकाळ 640 ते 664. मुलं एग्बर्त आणि ह्लोथहेरे दोघेही राजे झाले. एक मुलगी एर्कनगोटा गॉलमध्ये जोगीण झाली, दुसरी एर्मेनहिल्ड मर्सियाच्या वुल्फहेरेला दिली. एग्बर्त 664 मध्ये गादीवर बसला, तेव्हा लग्न 640 ते 645 च्या दरम्यानचं. म्हणजे सेअक्सबुर्गचा जन्म 630 च्या आत आणि अन्नाचा जन्म 610 च्या आसपास किंवा आधी. काका रेडवाल्ड 620 च्या दशकात वारला, त्याच्याशी हे नीट जुळतं.

एथेलथ्रिथ: पहिला नवरा साउथ गिर्वा लोकांचा टोंडबर्त. लग्नाचं साल 652 हे ईलीच्या ग्रंथातलं. तो लवकरच वारला. दुसरं लग्न 660 च्या सुमारास नॉर्थंब्रियाच्या एग्फ्रिथशी. तो तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा. बीड म्हणतो की बारा वर्षं ती त्याच्याबरोबर राहिली आणि कुमारिकाच राहिली. 660 अधिक 12 म्हणजे 672. मग एक वर्ष कोल्डिंगहॅमच्या मठात, राजाची आत्या एब्बा तिथे मठाधीशा होती. 673 मध्ये ईलीचा मठ. मृत्यू 23 जून 679. सोळा वर्षांनी, म्हणजे 695 मध्ये, शव उकरून चर्चच्या आत हलवलं. बीड आणि क्रॉनिकल दोन्ही एकमेकांना धरून चालतात.

विटबुर्ग: हिचा हिशेब मात्र बसत नाही. क्रॉनिकलच्या एका उशिराच्या, कँटरबरीत तयार झालेल्या प्रतीत 798 खाली नोंद आहे की डिअरहॅम इथे तिचं शव मृत्यूनंतर 55 वर्षांनी अभंग सापडलं. 798 वजा 55 म्हणजे 743. अन्ना 654 पर्यंत गेलेला. बापाच्या मृत्यूच्या वर्षी जन्मली असं धरलं तरी ती 89 वर्षं जगली पाहिजे.

टवाळ_पोपट

89 म्हणजे अशक्य नाही. मठातलं साधं जेवण, पहाटे उठणं, नवऱ्याचा त्रास नाही!

हिशेबनीस

अशक्य नाही, कबूल. पण बीड 731 मध्ये लिहीत होता तेव्हा ती जिवंत असायला हवी. तीन बहिणींवर तो प्रकरणंच्या प्रकरणं खर्च करतो, मग हयात असलेल्या चौथीबद्दल अवाक्षर काढत नाही, हे पटत नाही.

शिळालेख

त्यात हेतूही बघा. ईलीचा मठ 970 मध्ये बिशप एथेलवोल्डने पुन्हा उभा केला. डिअरहॅम ईलीच्या ताब्यात आलं, आणि 974 मध्ये ईलीच्या भिक्षूंनी विटबुर्गचं शव तिथून रातोरात पळवून आणलं. ही कथा ईलीचाच ग्रंथ अभिमानाने सांगतो. शव आणल्यावर ती एथेलथ्रिथची सख्खी बहीण असणं किती सोयीचं! ईलीत आधीपासून एथेलथ्रिथ, सेअक्सबुर्ग आणि भाची एर्मेनहिल्ड होत्याच. चौथी बहीण आली की घर पूर्ण.

तक्त्यात तिला तुटक रेषेने जोडा. ती ऐतिहासिक व्यक्ती नव्हती असं म्हणायचं कारण नाही. डिअरहॅमची एक संत होतीच. अन्नाशी नातं तेवढं संशयास्पद.

अबोली

माझं थोडं वेगळं मत. बीडमध्ये नाही म्हणून नाही, हा नियम फार ताणू नये. बीडला ईस्ट अँग्लियाची माहिती तुटकच होती. अन्नाच्या मृत्यूचं साल त्याने दिलेलं नाही, लढाईची जागाही नाही. अन्ना त्याला आठवतो तो मुलींमुळे. तिसऱ्या पुस्तकात दोन वेगवेगळ्या ठिकाणी तो अन्नाला चांगला माणूस आणि चांगल्या, पवित्र संततीचा बाप म्हणतो. राज्यकारभाराबद्दल जवळपास काही नाही. ज्याला मुली जोगिणी झाल्या म्हणून राजा लक्षात राहतो, त्याच्या लेखी मुलगा युर्मिन निरुपयोगी, तो सुटू शकतो.

शिळालेख

युर्मिनबद्दल मुद्दा मान्य. ईलीचा ग्रंथ म्हणतो की अन्नाला ब्लिथबर्ग इथे पुरलं आणि युर्मिनलाही तिथेच. पुढे युर्मिनचे अवशेष बरी सेंट एडमंड्सला नेले. ईलीला यातून काहीच मिळत नव्हतं, अवशेष तर दुसऱ्या मठाकडे गेले. ज्या विधानात लिहिणाऱ्याचा लाभ नाही, त्याला थोडं जास्त वजन द्यायला हवं. ब्लिथबर्गला सॅक्सन काळातली दफनं आणि वस्तूही मिळाल्या आहेत.

दगडफूल

त्यातली एक वस्तू इथे सांगायलाच हवी. ब्लिथबर्गची व्हेलच्या हाडाची लेखनपाटी. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, साधारण आठव्या शतकातली, तळहातावर मावेल एवढी. एका बाजूला गुंफलेल्या पट्ट्यांची नक्षी. दुसऱ्या बाजूला कडा सोडून मधला भाग खोलगट कोरलेला. त्यात मेण ओतायचं आणि टोकदार सळईने लिहायचं. लिहिताना सळई मेणातून खाली हाडापर्यंत गेली तिथे रुन अक्षरांचे ओरखडे उरले आहेत. कडेला भोकं आहेत, दुसरी पाटी त्यांतून बांधून पुस्तकासारखी मिटता यायची. अशी पाटी म्हणजे तिथे शिकलेली माणसं होती, बहुधा मठ होता. राजाचं दफन तिथे झालं या परंपरेला हा बाहेरून मिळालेला टेकू.

हिशेबनीस

मृत्यूच्या सालाबद्दल. क्रॉनिकलच्या प्रतींत 653 आणि 654 दोन्ही सापडतात. कारण यांत्रिक आहे. लेखनिक आधी समासात वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहून घेत, मग मजकूर भरत. एखादी नोंद लांबली की पुढची नोंद शेजारच्या आकड्यापुढे सरकते, आणि नक्कल करणारा ती तशीच उतरवतो. शिवाय वर्षाची सुरुवात कुठून धरायची तेही सगळीकडे सारखं नव्हतं.

उशिरात उशिराची मर्यादा पक्की आहे. पेंडा 15 नोव्हेंबर 655 ला विनवेडच्या लढाईत मेला, आणि त्याच्या बाजूने लढताना एथेलहेरे मेला, तोही राजा म्हणून. म्हणजे अन्ना त्याआधी गेलाच पाहिजे. तक्त्यात '653 किंवा 654' लिहावं, एकच आकडा देऊ नये. लढाईची जागा बुलकँप, ब्लिथबर्गच्या जवळच, ही नंतरची परंपरा. 'परंपरेनुसार' हा शब्द सोबत ठेवा.

पारावरचा

पेंडाचं अन्नाशी इतकं वैर का? मर्सिया कुठे, सफक कुठे.

अबोली

मधे फेन्सची दलदल आहे, आणि दलदलीच्या अलीकडे-पलीकडे कोणाचं चालणार हा वाद. क्रमाने बघा.

पेंडाने आधी सिगेबर्त आणि एग्रिक हे ईस्ट अँगल्सचे दोन राजे मारले. सिगेबर्त तर राज्य सोडून मठात गेला होता. लोकांनी त्याला ओढून रणात आणलं आणि त्याने हातात फक्त एक काठी घेतली. त्यानंतर अन्ना गादीवर आला.

मग वेसेक्सचा केनवाल. त्याने पेंडाच्या बहिणीला टाकून दुसरी बायको केली. पेंडाने त्याला राज्यातून हाकललं, आणि तो तीन वर्षं राहिला कुठे, तर अन्नाकडे. तिथेच त्याने बाप्तिस्मा घेतला. पेंडाच्या दृष्टीने हा उघड अपमान होता.

651 च्या सुमारास पेंडाची माणसं क्नोबहेरेसबुर्गच्या मठावर आली. आयरिश भिक्षू फुर्साने स्थापलेला हा मठ, अन्नाने त्याला देणग्या आणि चांगल्या इमारती दिल्या होत्या. तेव्हा फुर्साचा भाऊ फॉइलान मठाधीश होता. त्याच्यावर नीवेलमध्ये (आजच्या बेल्जियममध्ये) लिहिलेल्या टिपणात अन्नाच्या येण्याने फॉइलान वाचला हेही आहे आणि अन्नाला हद्दपार व्हावं लागलं हेही. भिक्षू ग्रंथ आणि वेदीवरच्या वस्तू जहाजात घालून गॉलला गेले. हे टिपण जवळजवळ समकालीन आहे, म्हणून वंशवृक्षाच्या लेखात ते जरूर घ्या. ते ईली आणि बीड दोघांपासून स्वतंत्र आहे.

हिशेबनीस

अबोली यांच्या दलदलीच्या मुद्द्याला जोड. ट्रायबल हायडेज नावाची करआकारणीची यादी आहे. तिच्यात ईस्ट अँगल्स 30,000 हाइड (जमीन मोजायचं एकक) आणि मर्सियाही 30,000. साउथ गिर्वा फक्त 600. एवढ्या चिमुकल्या टोळीच्या टोंडबर्तला राजकन्या का दिली? कारण ते 600 हाइड दोन तुल्यबळ राज्यांच्या बरोबर मधे होते. केंट, गिर्वा आणि पुढे नॉर्थंब्रिया: मुली जिथे दिल्या ती ठिकाणं नकाशावर मांडली की मर्सियाभोवतीचं कुंपण दिसतं. नॉर्थंब्रियाचं लग्न अन्नाच्या मृत्यूनंतरचं, तेव्हा ते त्याचा भाऊ एथेलवोल्ड याच्या खात्यावर टाकायला हवं.

कोरांटी

आणि कुंपण पडल्यावर काय झालं तेही लिहा. अन्नाची नात एर्मेनहिल्ड ज्याला दिली तो वुल्फहेरे पेंडाचा मुलगा. ज्याने आजोबांना मारलं त्याच्याच घरात नात सून म्हणून गेली. तक्त्यात ही रेषा हमखास सुटते, कारण बहुतेक जण अन्नाच्या मुलींपाशीच थांबतात.

दगडफूल

अवांतर: एथेलथ्रिथच्या गळ्यावरच्या गाठीबद्दल कुणी वैद्यकीय अंगाने सांगेल का? बीडचं वर्णन कमालीचं बारकाईचं आहे.

चरकवाचक

साक्षीदारच वैद्य होता म्हणून. नाव किनफ्रिथ, मृत्यूच्या वेळी आणि शव उकरतानाही तो हजर होता. जबड्याखाली मोठी सूज. ती फोडून आतला दूषित स्राव काढायला त्याला सांगण्यात आलं. त्याने चीर दिली, दोन दिवस आराम वाटला, तिसऱ्या दिवशी वेदना उलटल्या आणि ती गेली. सोळा वर्षांनी कबरीवर तंबू उभारला, भोवती भिक्षू आणि जोगिणी स्तोत्रं म्हणत उभे. उघडल्यावर किनफ्रिथला वासलेल्या जखमेच्या जागी बारीक व्रण दिसला.

साथीच्या रोगाने आपण मरणार हे तिने आधीच सांगितलं होतं, असंही बीड म्हणतो. 664 पासून इंग्लंडमध्ये साथी होत्याच. जबड्याखालची वेगाने वाढलेली सूज आणि साथीचा उल्लेख एकत्र धरले तर प्लेगची गाठ हा तर्क सरळ आहे. दातातून पसरलेला गळू हाही पर्याय राहतो. चीर दिल्यावर दोन दिवस बरं वाटणं त्याच्याशी जास्त जुळतं.

दगडफूल

आभार! नवी शवपेटीही सेअक्सबुर्गने मागवली. ईलीत दगड नाही, म्हणून तिने भिक्षूंना नावेतून पाठवलं. ग्रँटाकाएस्टिर या उजाड रोमन वस्तीत, म्हणजे आजच्या केंब्रिजजवळ, त्यांना पांढऱ्या संगमरवराची झाकणासकट पेटी मिळाली. आत डोक्यासाठी वेगळी खोलगट जागा होती आणि ती एथेलथ्रिथच्या डोक्याला बरोबर बसली.

टवाळ_पोपट

तिसरा प्रश्न राहिला. फितुरी झाली की नाही?

शिळालेख

सिद्ध होत नाही. पेंडाने अन्नाला मारलं आणि लगेच भाऊ गादीवर. वर्ष-दोन वर्षांत तो पेंडाच्या सैन्यात. संशय घेणं साहजिक आहे. त्यात बीडचं एक वाक्य एथेलहेरेलाच विनवेडच्या युद्धाचा कर्ता म्हणतं असं वाचलं जातं. पण लॅटिन वाक्यात विराम थोडा हलवला की तो शेरा पेंडाला लागू होतो. पेंडाबरोबर तीस सरदार होते असं बीड सांगतो, त्यांतले बरेच मांडलिकच असणार. हरलेल्या राज्याचा नवा राजा जेत्याच्या सैन्यात जातो, त्याला त्या काळात पर्याय नव्हता. मी 'मांडलिक' लिहीन, 'फितूर' नाही.

अबोली

यावर सहमत. घराणंही फुटलेलं दिसत नाही. एथेलहेरेनंतर आणखी एक भाऊ एथेलवोल्ड आला. एसेक्सच्या स्विथहेल्मचा बाप्तिस्मा रेंडलशॅमच्या राजवाड्यात झाला तेव्हा हाच एथेलवोल्ड धर्मपिता होता. रेंडलशॅमला उत्खननात 23 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद लाकडी दिवाणखान्याचा पाया मिळाला, 2022 मध्ये ते जाहीर झालं. सटन हूपासून ही जागा सहा किलोमीटरच्या आसपास.

पारावरचा

सेथ्रिथ आणि एथेलबुर्ग राहिल्या. दोघी गॉलमध्ये फारमूतिएच्या मठात लागोपाठ मठाधीशा झाल्या ना? काही तक्त्यांत एथेलबुर्ग अनौरस दाखवली आहे.

कोरांटी

ती बीडच्या एका शब्दाची अडचण. तो तिला 'नाटुरालिस' मुलगी म्हणतो. नंतरच्या लॅटिनमध्ये तो शब्द अनौरस असा झाला, म्हणून हा घोळ. पण त्याच वाक्यात आधी सेथ्रिथ येते, 'अन्नाच्या बायकोची मुलगी' अशी ओळख देऊन. त्या शेजारी ठेवलं की अर्थ लागतो: एक बायकोची आधीची, दुसरी राजाच्या पोटची. अनौरस लिहू नका. आणि यातूनच कळतं की अन्नाशी लग्न करण्याआधी त्या बाईचं एक लग्न झालेलं होतं. तिच्याबद्दल पक्की म्हणावी अशी ही एवढी एकच गोष्ट.

मोडीवाचक

सर्वांचे मनापासून आभार. तक्ता आता असा लावतो. वर वुफा, टिट्ला, एनी. एनीचे मुलगे अन्ना, एथेलहेरे, एथेलवोल्ड, एथेलरिक. हेरेसविथ एथेलरिकच्या शेजारी आणि खाली आल्डवुल्फ. अन्नाची बायको 'नाव अज्ञात, आधीच्या लग्नाची मुलगी सेथ्रिथ'. ठळक रेषेने सेअक्सबुर्ग, एथेलथ्रिथ, एथेलबुर्ग. तुटक रेषेने युर्मिन. विटबुर्ग ठिपक्यांच्या रेषेने, 743 च्या टिपेसह. एर्मेनहिल्डपासून वुल्फहेरेकडे आणि तिथून वर पेंडाकडे रेषा. मृत्यू 653 किंवा 654.

हिशेबनीस

एकच दुरुस्ती. भावांचा क्रम आपण गादीवर आले त्या क्रमाने लावतोय, जन्माचा क्रम कुठेच दिलेला नाही. एथेलरिक तर त्या रांगेत राजा होता की नाही यावरच मतभेद आहेत; काही अभ्यासक त्याला आणि सिगेबर्तबरोबर मेलेल्या एग्रिकला एकच माणूस मानतात. त्याच्या नावापुढे मुकुटाची खूण लावू नका.

मोडीवाचक

मुकुट काढला. एग्रिकला वेगळ्या चौकटीत ठेवून मधे प्रश्नचिन्ह देतो.